सात हजार सहाशे ऐंशी ओळी

"सर, ह्या टिपा तुम्ही खरंच वाचता, की नुसत्या आमच्याकडून लिहून घेता?"

प्रश्न हेल्मी लेहतिनेनचा नव्हताच मुळी. जोझेट आणि तिच्या टोळक्याने तिला डिवचलं होतं, की हिंमत असेल तर कोवालचुक सरांना तोंडावर विचारून दाखव. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज बसायचा, ती हेल्मी यंदा कुणाच्या बापाला ऐकत नव्हती. उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "प्रत्येक ओळ वाचतो, बाईसाहेब. तुझ्या कोडमध्ये वाचायला काही नसतंच, म्हणून तर मार्क कापतो."

वर्ग फिदीफिदी हसला. हेल्मीचे कान लाल झाले ते मधल्या सुट्टीपर्यंत लालच.

सरांचा नियमच तसा होता. कोडच्या प्रत्येक ओळीवर ती ओळ काय करते ते साध्या भाषेत लिहायचं. खाली एक मिळवल्याचं स्वच्छ दिसतंय, तरी वर लिहा, 'इथे एक मिळवला आहे.' दारावर 'हे दार आहे' अशी पाटी लावण्यातला प्रकार. हेल्मीचा एकही प्रोग्राम कधी अडला नव्हता, पण टिपांपायी ती अठ्ठ्याऐंशीवर अडकली होती आणि टोरांटोच्या उन्हाळी शिबिराला नव्वद लागत होते. शिबिराच्या अर्जाआधीच्या शेवटच्या ह्या एका असाइनमेंटवर सगळं होतं.

"टिपा हव्यात ना? घ्या टिपा," असं म्हणत रविवारी दुपारी तिने कोड एडिटरसाठी एक प्लगइन, म्हणजे छोटासा जोडप्रोग्राम, लिहून काढलं. फाइल सेव्ह केली, की ते प्रत्येक ओळीवर आपोआप टीप घालायचं. वर त्या टिपांचं तोंड पाहायची इच्छा नव्हती म्हणून ते त्या लपवायचंही. पडद्यावर फक्त तिचा हॉकी लीगच्या गुणतक्त्याचा साठ ओळींचा देखणा प्रोग्राम. हेल्मी स्वतःवर इतकी खूश झाली, की आईने आणलेले गुलाबी साखरेचे दोन पर्शियन बन तिने उभ्याउभ्या संपवले.

आता काही लोक नखं खातात, हेल्मी फाइल सेव्ह करते. विचार करताना, जांभई देताना, उगीच. आणि टीप म्हणजे कोड नव्हे, एवढं त्या प्लगइनला सांगायचं ती विसरली होती. पहिल्यांदा सेव्ह केल्यावर साठाच्या एकशेवीस ओळी झाल्या. दुसऱ्यांदा टिपांवरच टिपा चढल्या. हेल्मीने सात वेळा सेव्ह केलं आणि फाइल पाठवून दिली.

सोमवारी शाळेच्या साइटवर सहज पाहिलं, तर फाइलच्या नावाशेजारी ओळींचा आकडा होता सात हजार सहाशे ऐंशी. उघडली. 'ही ओळ खालच्या ओळीबद्दल सांगते.' त्याखाली, 'ही ओळ खालच्या ओळीबद्दल सांगते.' मैलोन्‌मैल तेच. एकदा पाठवलेली फाइल परत घेता येत नव्हती.

"हेल्मे, तू मेलीस," जोझेट म्हणाली. "ते प्रत्येक ओळ वाचतात म्हणे."

दोन दिवस हेल्मी सर दिसले की बाथरूममध्ये लपत होती. बुधवारी मार्क लागले. शंभरपैकी शंभर. शेरा होता, 'अत्यंत सखोल टिपा. शाबास.'

तिचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. शेजारी जोझेटला एकोणऐंशी होते. हेल्मीने तिची फाइल वाचली. त्या मुलीने जिथे खरंच अडतं तिथे थांबून, असंच का केलं ते लिहिलं होतं. बरोबरीत सुटलेल्या संघांचं गणित हेल्मीला पहिल्यांदा त्यातून कळलं. शेरा, 'टिपा अपुऱ्या.'

हेल्मीचं डोकंच फिरलं. लॅपटॉप काखेत मारून ती थेट स्टाफरूममध्ये गेली, आपल्या प्लगइनचा प्रताप सांगून टाकला आणि सरांना चार हजारावी ओळ मोठ्याने वाचायला लावली. मग तिच्या खालची. मग तिच्याही खालची. पाचव्या ओळीला सरांनी उठून दार लावून घेतलं.

"एकशे बेचाळीस मुलं आहेत, हेल्मी," ते हळूच म्हणाले. "मी एक प्लगइन लिहिलंय. ते टिपा मोजतं."

"मोजतं?"

"तुझं सेव्ह केल्याबरोबर चालतं? माझं मेलं दर वेळी हाताने सुरू करावं लागतं."

हेवा वाटल्यासारखं त्यांनी विचारलं, म्हणून तर ती जास्तच भडकली. "सर, माझ्या प्लगइनने कुणाचे मार्क कापले नाहीत."

 सरांनी कपाटातून एक फॉर्म काढला. एका जरी मुलाने लेखी हरकत घेतली, तर शाळेच्या नियमाप्रमाणे सगळ्या वर्गाचं काम हाताने पुन्हा तपासावं लागतं, आणि सुरुवात हरकत घेणाऱ्यापासून होते. खाली आईवडिलांची सही.

हेल्मीने फॉर्म जोझेटपुढे धरला. जोझेट दोन पावलं मागे सरकली. तिला ह्याच सरांच्या वर्गात जूनपर्यंत बसायचं होतं. "आणि तू शहाणपणा करू नकोस. शंभर मिळालेत ना, गिळ आणि टोरांटोला जा. मी पास झाले तरी पुष्कळ आहे."

गुरुवारी संध्याकाळी घरात नेहमीप्रमाणे वाटाण्याचं सूप होतं. शिबिर नक्की झालं असं धरून आईने मोठी बॅग दिवाणखान्यात उघडून ठेवली होती आणि बाबा फोनवर काकांना तिसऱ्यांदा शंभराचा आकडा सांगत होते. त्यांचा फोन संपेपर्यंत हेल्मी थांबली. मग तिने फॉर्म त्यांच्या ताटलीशेजारी सरळ करून ठेवला.

"आई, ती बॅग माळ्यावर टाक. बाबा, इथे सही करा. सरांनी मला शंभर मार्क दिलेत, आणि मी त्याविरुद्ध तक्रार करणार आहे."