काळोखातली ओटी

साखरपुड्याचे सगळे फोटो काळे आले, आणि व्हिडिओची कॅसेट करावे गावात मुलाच्या घरी पोहोचल्याच्या संध्याकाळी तिकडून निरोप आला : आमच्या केशरआत्याची ओटी भरली नाहीत, तेव्हा लग्नाचं पुढे बघू.

"भरली गं मी! या हातांनी भरली," अरुणाची आई नेरूळच्या फ्लॅटमध्ये येरझारा घालत म्हणाली. "नारळ, खण, तांदूळ. कुंकू लावून!"

"ताई, तुझ्या फोटोत असेल ना?" अरुणाची धाकटी बहीण, नवरीमुलगी प्राची, रडकुंडीला आली होती.

फोटोत अमावास्या होती. अरुणा तुर्भ्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होती. तिथे वेल्डिंगला गेलेले तडे टिपायला नव्याण्णव साली डिजिटल कॅमेरा आला, तो साहेबांना विचारून तिने साखरपुड्याला आणला. चकाकत्या पोलादाला सोसेल एवढाच उजेड आत घेण्यावर तो लावलेला होता. ते सेटिंग बदलायचं राहिलं. व्हिडिओवाल्याने तर नवरा-नवरीखेरीज कुणावर हॅलोजन पाडलाच नव्हता.

"काळं म्हणजे कोरं नव्हे," अरुणा शांतपणे म्हणाली. "कच्ची फाइल आहे. जेवढा उजेड शिरला तेवढा तिच्यात नोंदलाय. कॉम्प्युटरवर वाढवता येतो."

"मग केशरआत्यांनाच समोर बसव," आई म्हणाली. "छापून नेलास तर म्हणतील, घरी बनवला."

शनिवारी केशरबाई प्रयोगशाळेत आल्या त्या खटल्याला आल्यासारख्या. मागे नवरामुलगा कल्पेश, मान खाली घालून.

"यो फोटू? यो तर तव्याचा बूड हाय!"

"बघत राहा, आत्या." अरुणाने एक्स्पोजर एक पायरी चढवलं. हॅलोजनसमोरचा कल्पेश पांढऱ्या सफारीत उजळला. आणखी एक पायरी, प्राची दिसली. आणखी एक, आणि मागच्या काळोखातून आधी नथ, मग अख्ख्या केशरबाई वर आल्या. पदरात नारळ, आणि कपाळाशी कुंकवाचं बोट नेणारी अरुणाची आई.

"दिसली ओटी?" अरुणाशेजारी बसलेल्या आईने विचारलं. आवाजात विजय मावत नव्हता.

केशरबाई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. "वटी दिसली गो. पन हार?"

"कुठला हार?"

"माज्या गल्यानचा! नवा केला याच्यासाठी. कॅसेटमदी तर मी नायच. निसता यो कल्पेश. अजून चढव."

"चढवलं तर कल्पेश धुऊन जाईल, आत्या. आताच पांढरा पडलाय."

"जाव दे! त्याला बगाला कोन बसलंय?"

"आत्या..." कल्पेश म्हणाला.

"तू गप."

अरुणाचा हात माउसवर थांबला. "हार लख्ख करते. पण लग्न कधी धरायचं?"

"वैशाखान धरा. मी सांगतंय ना घरी! चढव तू."

अरुणाने चढवलं. एकेक मणी सोन्यासारखा सुटा झाला.

करावे गावातल्या बैठकीत तो फोटो भिंतीवर आला. त्यात केशरबाई आहेत, हार आहे, ओटी आहे; आणि पुढे प्राची लाजत, एका लख्ख उजेडाच्या बोटात अंगठी घालते आहे.