एकशे वीस फोटोंचा बाबा

दहा सेकंदांच्या फिल्मला एकशे वीस फोटो लागतात. हे गणित मला तोंडपाठ आहे, कारण माझा नवरा शरत हैदराबादच्या एका स्टुडिओत बाहुल्यांचा चित्रपट करतोय. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर. गेलं वर्षभर तो एका अस्वलाला डोंगर चढवतोय. अस्वल वर पोचलं की जानेवारीत चित्रपट लागणार.

तोवर म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या घरात मी, तीन वर्षांची अमूल्या आणि सासरे रंगराव, म्हणजे मामंजी. खाली त्यांचं शिंपीकामाचं दुकान, वर आम्ही. मी मिरजेची. इथे माझ्याशी मराठी बोलणारी माणसं दोन, त्यातल्या एकीला अजून 'र' म्हणता येत नाही.

शरतला दसऱ्याला चार दिवस रजा मिळाली होती. मला आठ हवे होते. फोनवर मागितले तर "बघतो" म्हणाला. लग्नाला पाच वर्षं झाली की 'बघतो'चा अर्थ कळतो! म्हणून मी ठरवलं, त्याच्याच भाषेत मागायचं, दहा सेकंदांची फिल्म करून. बाहुला दारातून येतो, चालत चालत ताटापाशी पोचतो, जेवायला बसतो. शरत रडणार, साहेबांकडे जाणार, आठ दिवस आणणार. योजनेत खोट म्हणून नव्हती.

तारेचा बाहुला केला. शरतच्या जुन्या चौकड्याच्या शर्टातून त्याला शर्ट शिवला. मामंजी दुपारी जेवून आडवे होतात, तेवढाच वेळ त्यांचं कापायचं टेबल रिकामं असतं. त्याची कड हेच दार. रोज चोवीस फोटो, पाच दिवस. आता त्या टेबलावर टाचण्या, कात्री, सुया. खाली तोंड उघडं ठेवून अमूल्या. माझा एक डोळा बाहुल्याच्या पायांवर, दुसरा तिच्या तोंडावर. तिसरा डोळा देवालाच दिलाय.

बाहुल्याच्या पायाशी खडूने खूण करून ठेवायची, तर दुसऱ्या दिवशी ती पुसलेली. असू दे म्हटलं. बाहुला काय आपणहून कुठे जाणार? उभा असेल तिथून पुढे.

पाचव्या दिवशी ताट अजून वीतभर लांब. फोटो उरले सहा. माझं गणित चुकणं शक्य नव्हतं, तेव्हा ताटच अलीकडे सरकवलं.

मग फिल्म लावून पाहिली. बाहुला दारातून चार पावलं येतो, आणि फाटकन पुन्हा दारात. पुन्हा येतो, पुन्हा दारात. असं चार वेळा! आणि दर खेपेला जास्त वाळलेला. शेवटी अगदी काडी झाला, तेव्हा ताटच त्याच्याकडे धावत आलं.

मी फोन घेऊन खाली गेले. मामंजी काज करत होते.

"मीच ठेवत होतो त्याला कडेला, झोपून उठलो की टेबल पुसताना," ते शांतपणे म्हणाले. "आणि शर्ट स्वल्प आत घेतला. शरतच आहे न्हवं तो?"

"हो, पण रोज आत घ्यायचा?"

"रोज व्हिडिओ कॉलवर बघतो की मी. गळ्यात इंचभर उतरलाय पोरगा. माप खरं नको, सुमा?" मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "कापला नाही हां. आत माया ठेवलीय. आला, चार दिवस जेवला, की उसवून देतो."

शर्टाची शिवण उलटून बघायला मी फोन टेबलावर ठेवला. तेवढ्यात अमूल्या म्हणाली, "बाबाला गेलं." तिने फिल्म पाठवूनही टाकली होती.

संध्याकाळी शरतचा फोन. आवाज भरून आलेला. मी मनात म्हटलं, झालं काम.

"सुमा, दिग्दर्शकांनी सात वेळा बघितली. तो येतो, परत जातो, बारीक होतो... म्हणाले, आपल्या अस्वलाला नेमकं हेच कमी पडतंय. घरी यायचा अख्खा प्रसंग नव्याने करायचाय. मलाच दिलाय!"

"अरे वा. आणि दसरा?"



"बघतो," तो म्हणाला.

म्हणजे जानेवारीत चित्रपट बघाल आणि अस्वल दारातून मागे फिरताना डोळे पुसाल, तेव्हा लक्षात असू द्या, माझे दसऱ्याचे चार दिवस त्यात गेलेत. बाहुला टेबलाच्या कडेलाच उभा आहे. मी फक्त ताट रोज जरा अलीकडे मांडते.