खळ दिलेली कॉलर

बरीच वर्षं तात्पुरते म्हणून रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांचा त्या दिवशी परीक्षेचा पाठ होता. मुख्याध्यापिकाबाईंना तो आवडला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. दाढी करतानाही ते मनात पाठच घोकत होते. हनुवटी कापली.

त्यांनी घाईघाईने आयोडीन लावलं. एक थेंब ओघळून पांढऱ्या शर्टावर पडला आणि कॉलर शाई सांडावी तशी निळीकाळी झाली.

"अहो, हे काय? आयोडीन तर तांबूस असतं ना?" बायको धावत आली.

"तू खळ दिलीस ना? खळ म्हणजे स्टार्च. आयोडीन लागलं की निळी होणारच!"

"म्हणजे चूक शेवटी माझीच!"

दुसरा पांढरा शर्ट ओला होता. बायकोने लिंबाची फोड आणून कॉलरवर चोळली. डाग बघता बघता नाहीसा झाला.

"अगोबाई! गेला कुठे?"

"कुठे नाही गं, आहे तिथेच. रंग तेवढा गेला," मास्तर बूट चढवत म्हणाले.

"देव पावला. निघा आता, आणि पोरांशी जरा हसून बोला."

शाळेच्या जिन्यात नर्सबाईंनी अडवलं. "मास्तर, थांबा. कॉलरला रक्त लागलंय. हे पेरॉक्साइड लावते, फेस येईल आणि डाग निघेल." त्यांनी कॉलरवर बोळा फिरवला तेवढ्यात घंटा झाली. मास्तर आभार मानत वर्गात धावले.

मागच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या. "ऑक्सिजन हा रंगहीन, वासहीन, चवहीन वायू आहे," मास्तरांनी सुरुवात केली, आणि त्यांचा तासही तसाच होत चालला. पण थोड्या वेळाने मुलं एकटक पाहू लागली. मास्तरांना हुरूप आला. बायकोचं ऐकून ते हसलेसुद्धा.

"सर, तुमची कॉलर निळी होतेय!"

मास्तरांनी खिडकीच्या काचेत पाहिलं. डाग अधिकच गडद होऊन परतला होता. बाई उठून उभ्या राहिल्या. आता लपवायचं काय? मास्तरांनी खडू ठेवला आणि सकाळपासूनची सगळी कहाणी सांगून टाकली. "लिंबाने आयोडीनचा रंग घालवला, आणि पेरॉक्साइडमधल्या ऑक्सिजनने तो परत आणला!"

वर्ग टाळ्यांनी दणाणला.

संध्याकाळी मास्तर पडलेल्या चेहऱ्याने घरी आले.

"नाही म्हणाल्या का हो?"

"नोकरी पक्की झाली."

"मग तोंड असं का?"

"बाई म्हणाल्या, इतकी तयारी करून येणारा शिक्षक पाहिला नाही. पण मुलं म्हणाली, सर, हनुवटीवरचं रक्त खरं वाटत नव्हतं! उद्या शेजारच्या वर्गाला पुन्हा दाखवायचंय."

बायकोने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

"मग उद्या डावा गाल घेऊ या."