एकदाही न घातलेले बूट

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला नव्या मालकीणबाईंबरोबर जेवण आहे, असा निरोप वॉरिक पॅस्कोला मंगळवारी आला. निरोपाच्या शेवटी दोनच शब्द होते : 'स्मार्ट कॅज्युअल'. वॉरिकने ते तीनदा वाचले. काडीना गावातल्या पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात त्याने एकोणीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली होती, गेले सात महिने तो हंगामी सुपरवायझर होता. पण एवढ्या काळात काय घालून यायचं हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. नारिंगी शर्ट कारखानाच द्यायचा.

जेवणाची त्याला हौस नव्हती. त्याला बोलायचं होतं. कारखान्यामागच्या आवारात इतके खड्डे होते की फोर्कलिफ्ट होडीसारखी डुलायची. फेब्रुवारीत पाच हजार लिटरची एक टाकी गडगडत फाटकाबाहेर गेली आणि हमरस्त्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या कॅरव्हॅनसमोर जाऊन उभी राहिली. जुने मालक 'पुढच्या वर्षी काँक्रीट करू' असं नऊ वर्षं म्हणत म्हणत निवृत्त झाले होते. नव्या मालकीणबाई, इरीनी स्टामाटिस, अ‍ॅडलेडला राहायच्या आणि महिन्यातून एकदा येऊन, कागद चाळून जायच्या. शुक्रवारी त्या दोन तास एका जागी बसणार होत्या. वॉरिकने ठरवून टाकलं, आकाश कोसळलं तरी शुक्रवारी काँक्रीटचा विषय काढायचाच.

"मग काढ की," त्याची बायको नोलीन म्हणाली. "कपड्यांचं काय घेऊन बसलास?"

"नारिंगी शर्टात गेलो तर तिला वाटेल, टाकी पोचवायला आलाय. ती पावतीवर सही करेल आणि मला वाटेला लावेल."

नोलीनने कपाट उघडलं. सात नारिंगी शर्ट, मासेमारीचे तीन शर्ट, आणि एक काळा सूट. तो सूट वॉरिक अंत्यविधींना घालायचा आणि दर वेळी बसताना श्वास रोखून बसायचा.

"हा घाल."

"माणसं माझं सांत्वन करायला लागतील."

सोमवारीच फ्रिज बंद पडला होता आणि नवा घ्यावा लागला होता. त्यामुळे नवीन कपड्यांच्या दुकानाचं नावही काढायची सोय नव्हती. "पन्नास डॉलर," वॉरिक म्हणाला. "पन्नास डॉलरमध्ये मी स्मार्टही होणार आणि कॅज्युअलही होणार."

बुधवारी त्याने विक्री विभागातल्या ट्रॉयला गाठलं. ट्रॉय तिशीचा होता, रोज इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि कपड्यांबद्दल विचारलं की हातातलं काम बाजूला ठेवायचा.

"हे बघ वॉरिक, कोट चालतो, पण टाय नको. शर्ट हवा, पण फार पांढरा नको. पँट चांगली, पण फार चांगली नाही."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे मेहनत घेतलीय असं दिसता कामा नये. आणि बूट! बाकी सगळं चुकलं तरी चालेल. ही मोठी माणसं हात मिळवतानाच खाली बघून घेतात."

वॉरिकने नकळत खाली बघितलं. पोलादी टोकाचे त्याचे बूट आवारातल्या धुळीने पांढरे झाले होते.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो चर्चमागच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात गेला. तिथे काउंटरवर मिस ऑजर्स बसायच्या. त्यांनी वॉरिकला तिसरीत शिकवलं होतं आणि आपलं ते काम संपलंय असं त्यांना अजून वाटत नव्हतं.

"ताठ उभा राहा, वॉरिक. कशासाठी हवंय?"

"स्मार्ट कॅज्युअल, मिस."

"काहीतरीच. एक तर नीट कपडे घालावेत, नाहीतर घरी बसावं." पण त्या उठल्या. फिका निळा शर्ट, गडद निळी पँट आणि एक करडा कोट त्यांनी दहा मिनिटांत काढून दिला. कोटाच्या बाह्या दोन बोटं आखूड होत्या. "दुमडून घे. आजकाल दुमडतात."

"आणि बूट?"

मिस ऑजर्सनी मागच्या फळीवरून एक खोका उतरवला. आत पातळ कागदात गुंडाळलेले तपकिरी बूट होते. चामडं आरशासारखं, नाड्या अजून गाठी मारलेल्या. "एका बाईंनी आणून दिले. नवऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वी घेतले आणि चांगल्या दिवसासाठी ठेवले. एकदाही घातले नाहीत. बारा डॉलर."

वॉरिकने पाय घातला. बूट इतका बरोबर बसला की त्याला त्या अनोळखी माणसाबद्दल मनापासून वाईट वाटलं. सगळं मिळून एकतीस डॉलर झाले. उरलेल्या पैशांत त्याने नोलीनसाठी खिमा भरलेली पेस्ट्री घेतली आणि शीळ घालत कामावर परतला.

शुक्रवारी नोलीनने त्याला वॉलरू बंदराच्या धक्क्याजवळच्या हॉटेलपाशी सोडलं. "नऊला येते घ्यायला," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "वॉरिक, तू बँकेतला दिसतोस."

"चांगल्या अर्थाने?"

"कर्ज देणाऱ्यातला."

हॉटेलचा जिना चढताना त्याला पहिल्यांदा काहीतरी वेगळं जाणवलं. पायाखालचं लाकूड मऊ लागत होतं, ताज्या केकवर पाय पडावा तसं. महागड्या बुटांत असंच वाटत असेल, असं म्हणून तो वर गेला. वरच्या दालनात सायीच्या रंगाचा गालिचा होता. ट्रॉय आणि कारखान्यातले आणखी पाच जण पेले घेऊन खिडकीशी उभे होते. मिसेस स्टामाटिस साठीच्या, ठेंगण्या, हिरव्या रेशमी कपड्यांत. वॉरिकने दालन ओलांडून त्यांच्याशी हात मिळवला. त्यांनी खरोखरच खाली बघितलं.

"छान बूट आहेत," त्या म्हणाल्या.

वॉरिक सुखावला, आणि ट्रॉयशेजारी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात हॉटेलातली वाढपी मुलगी थबकली. "इथे कुणी काही सांडलं का?"

गालिच्यावर जिन्यापासून खिडकीपर्यंत काळे बारीक तुकडे पडले होते. वॉरिकनेही सगळ्यांबरोबर नाराजीने त्यांच्याकडे बघितलं. तो दोन पावलं बाजूला सरकला. तुकडेही दोन पावलं सरकले. मग त्याने एक टाच हळूच उचलून पाहिली. बुटाचा तळ शिळ्या पावासारखा भुगा होऊन गळत होता.

"हे तर..." ट्रॉय वाकून म्हणाला, "लेंड्या आहेत! उंदरांच्या! या वर्षी गव्हाच्या कोठारांत केवढे झालेत."

'उंदीर' म्हटल्याबरोबर लेखा विभागातल्या बाई खुर्चीवर चढल्या. हॉटेलचा मॅनेजर क्लेम धावत आला. तो घामट, सज्जन माणूस होता आणि त्याचा चेहरा गालिच्यासारखा फिका पडला. "अशक्य! काल औषध मारलंय! लोकहो, बसून घ्या, पाय जरा वर धरा, मी बघतो!"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती, हे वॉरिकला कळत होतं. पण सांगितलं की सगळे हसणार, मग रात्रभर बुटांचीच गोष्ट चालणार, आणि काँक्रीट पुन्हा खड्ड्यात. आधी काँक्रीट, मग बूट, असं त्याने पक्कं केलं. घसटत घसटत, स्केटिंग केल्यासारखा तो टेबलाशी गेला आणि पहिली दिसली ती खुर्ची त्याने पकडली. ती मिसेस स्टामाटिस यांच्या शेजारची निघाली.

भोपळ्याचं सूप झालं, तळलेला व्हायटिंग मासा झाला. टेबलाखाली डाव्या बुटाचा तळ पूर्ण सुटला. आता वरून बूट होता आणि खालून मोजा. दालनात क्लेम आणि ती मुलगी विजेऱ्या घेऊन पडद्यांमागे शोधत होती. पलीकडे बसलेला ट्रॉय विक्रीचे आकडे सांगत होता आणि श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. वॉरिकने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा त्यात बटाटा घालून मिटलं.

जेवण उरकल्यावर क्लेमने विनंती केली, "कॉफी बाहेर सज्जात घ्याल का सगळे? तोवर आम्ही खालचा मजला तपासतो."

सगळे टुणकन उठले. "चल वॉरिक," ट्रॉय म्हणाला. "धक्क्यावरचे दिवे बघू."

"मी जन्मापासून बघतोय ते दिवे. मी बसतो इथेच."

"मीपण बसते," मिसेस स्टामाटिस म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे."

दालनात दोघंच उरली. वॉरिकने पाण्याचा घोट घेतला, दुमडलेल्या बाह्या पुन्हा दुमडल्या आणि सुरुवात केली. एकदा सुरुवात झाल्यावर तो थांबला नाही. खड्डे, डुलणारी फोर्कलिफ्ट, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या रिकीच्या पाठीचं दुखणं, कॅरव्हॅनमधल्या म्हातारीने मारलेली किंकाळी. मीठदाणी म्हणजे फाटक, मिऱ्याची दाणी म्हणजे कोठी, आणि मधला टेबलक्लॉथ म्हणजे अकराशे चाळीस चौरस मीटर. मिसेस स्टामाटिस एकदाही घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्या मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या, आणि प्रश्न नेमके होते.

"हे मला आजवर कुणी का सांगितलं नाही?"

"तुम्ही कधी बसला नाहीत, मॅडम."

"दोन ठेकेदारांचे भाव मागवा. सोमवारी मला पाठवा. मेच्या आत झालं पाहिजे. आणि ते तुमच्या हुद्द्याआधीचं 'हंगामी' मला वाचायला फार वेळ लागतो, ते काढून टाका."

वॉरिकने मीठदाणी उचलून पुन्हा फाटकाच्या जागी ठेवली.

"आता मला एक सांगा," त्या खाली वाकून म्हणाल्या. "हा उंदीर तुम्हीच ना?"

वॉरिकचे कान तापले. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझे वडील पोर्ट पिरीत बूट शिवायचे. या जातीचे बूट न घालता ठेवले की आतून कुजतात. घातले की टिकतात. दारात बघितल्याबरोबर म्हटलं, छान आहेत, अर्धा तास टिकतील."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही लपवत होता, मी कशाला बोलू? आणि पुढे मला बोलायची सोयच राहिली नाही." त्यांनी आवाज उतरवला. "सुपाच्या वेळी मी माझे बूट काढले. सहाशे डॉलरचे, आजच घेतलेत. पाय एवढे सुजलेत की आता आत जात नाहीत. एक तर लाथ लागून कुठेतरी गेलाय. नाहीतर धक्क्यावरचे दिवे मलाही बघायचे होते हो."

वॉरिक टेबलाखाली शिरला. हिरवा बूट पार पलीकडच्या पायाशी पडला होता. त्याने पोटावर सरपटत जाऊन तो पकडला, आणि मागे वळतोय तोच सज्जाचं दार उघडलं. सगळे आत आले, जिन्यावरून क्लेमही वर आला. टेबलाखालून करड्या कोटाची पाठ दिसत होती आणि मालकीणबाईंचे अनवाणी पाय.

"सापडला?" क्लेम ओरडला. "वॉरिक, सोडू नकोस! घट्ट धर!"

लेखा विभागातल्या बाई पुन्हा खुर्चीवर चढल्या. वॉरिक बाहेर आला. एका हातात हिरवा बूट होता. दुसऱ्या हाताने त्याने स्वतःचा तपकिरी बूट ओढून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. उरलेला भुगा टेबलक्लॉथवर पडला.

"उंदीर नाही," तो ठणकावून म्हणाला. "माझे बूट आहेत. बारा डॉलरचे. गालिचा मी झाडून देतो."

कुणी हसलं नाही, कारण कुणी हसायच्या आत क्लेमने त्याला मिठी मारली. "बूट! नुसते बूट!" त्याचे डोळे भरून आले होते. "अरे, मी उद्याची दोन लग्नं रद्द करायला निघालो होतो!" त्याने सगळ्यांना हॉटेलतर्फे पाव्हलोव्हा, म्हणजे फळं-क्रीम घातलेला गोड केक, खिलवला आणि वॉरिकच्या बशीत स्ट्रॉबेऱ्यांचा डोंगर केला. ट्रॉय आपला एकेक घास खाताना वॉरिकच्या मोज्यांकडे बघत होता. त्यातला एकच निळा होता.

नऊ वाजता नोलीनने गाडीतून पाहिलं, तर आपला नवरा नुसत्या मोज्यांवर जिना उतरतोय, आणि रेशमी कपड्यातली एक अनवाणी बाई त्याच्या दंडाला धरून "आई गं, आई गं" करत खडीवरून चालतेय. तिने काच खाली केली.

"वॉरिक, बूट कुठेत?"

"सांगतो. या मिसेस स्टामाटिस."

"बूट यांच्याकडे आहेत?"

"माझे माझ्याकडेच आहेत," मिसेस स्टामाटिस म्हणाल्या आणि हातातले हिरवे बूट दाखवले, "पण पायाला नको झालेत. माझं मोटेल त्या कोपऱ्यावर आहे. एरवी चालत गेले असते."

नोलीनने त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि आपल्या पायांतल्या पिवळ्या रबरी सपाता काढून खिडकीतून दिल्या. मिसेस स्टामाटिसनी त्या घातल्या आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास सोडला. मग "सोमवार, विसरू नका," असं वॉरिकला बजावून त्या फटाक फटाक करत मोटेलकडे निघून गेल्या.

काँक्रीट एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पडलं. मिसेस स्टामाटिस स्वतः बघायला आल्या, नवं आवार या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालल्या, फटाक फटाक, आणि वॉरिकचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "झकास काम." वॉरिक सगळा वेळ खालीच बघत होता.

"मग?" संध्याकाळी नोलीनने विचारलं. "माझ्या सपाता मागितल्यास ना?"

"नाही."

"अकराशे चाळीस चौरस मीटर मागायला तुझी जीभ वळली, आणि चार डॉलरच्या सपाता मागायला नाही?"

"काँक्रीट मागणं सोपं होतं, नोलीन," वॉरिक म्हणाला. "ते तिच्या पायात नव्हतं."