सीटबेल्ट लावलेली पोती

बाळारामकाका रेतीच्या पोत्यांना सीटबेल्ट लावतात.

पोती तीन. पुढच्या सीटवर काकूंच्या वजनाचं, मागे म्हाताऱ्या आईच्या वजनाचं आणि आईशेजारी लेकीच्या, निकिताच्या वजनाचं. स्टिअरिंगवर स्वतः काका. एवढा संसार घेऊन ते शीळ रस्त्यावरच्या, चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या दुकानात शिरतात. मशीनवाला हात जोडतो, "शेठ, पोती उतरवा ना." काका काच खाली करून सांगतात, "रिकामी गारी खोटा बोलतं."

त्यात तथ्य आहे. काकांनी स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवून घेतली, तेव्हापासून चाकं वरच्या बाजूने आत झुकली. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. माणसं बसली की गाडी अजून दबते, चाकं अजून झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजत जातो. बाहेरून बघावं तर नवाकोरा. म्हणून काका कुणाच्याही दारात गेले की आधी त्याच्या गाडीच्या टायरच्या आतल्या कडेला हात लावतात, मग नमस्कार. त्यासाठी गुडघे टेकायला त्यांना कागद लागतो. मी शेजारचा, डाव्या चळवळीतला; जातिअंतावरचं माझं चारपानी पत्रक त्यांच्या गाडीत कायम असतं, ते एवढ्याचसाठी.

साठीच्या माणसाला हा पोरकट नाद का? तर लेकीची वरात गावातल्या पोरांच्या असतात तशा खाली बसलेल्या गाडीतून काढायची होती. निकिताने वरातच ठेवली नाही. तिने कल्याणला जाऊन सुमेधशी नोंदणी लग्न केलं. सुमेध दुसऱ्या जातीचा, माझा मित्र. साक्षीदारांत माझी सही. काकांनी घरात सांगून टाकलं, "तिचा नाव काढायचा नाय." माझ्याशी मात्र बोलणं तोडलं नाही. पोती उचलायला माणूस लागतोच.

एकदा मी न राहवून विचारलं, "नाव काढायचं नाही, मग तिचं पोतं कशाला?"

"मागचा तोल जातं."

मला संताप यायचा. टायरच्या झिजण्यावर हा माणूस तासभर बोलेल, लेकीवर एक वाक्य नाही. काकू सणावाराला म्हणायच्या, "पोरीला आणा हो." काकांचं उत्तर ठरलेलं, "अलाइनमेंट होऊ दे." आणि अलाइनमेंट काही होत नसे. मशीनवर सगळे आकडे हिरवे आले, तरी रस्त्यावर काका स्टिअरिंगवरचे हात सोडत आणि माझ्याकडे बघत. "अजून डावीकडं ओढतं. तुझ्यासारखी."

यंदा गौरीच्या आधी काकूंनी मला साक्षीला ठेवून सांगितलं, "या गौरीला पोरगी आली नाय, तर मी तिच्याकडं राहायला जाईन. माझ्या पोत्याला वाढा जेवायला."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला शेतावर बोलावलं. शेत म्हणायचं, आता तिथे त्यांचाच टॉवर चढतोय. रेतीच्या ढिगाशी ते एक रिकामं पोतं घेऊन उभे होते.

"तुझ्या त्या दोस्ताचा वजन किती हाय रं?"

"कोणाचं?"

"नाटकं नको करू. फोन लाव."

मी लावून स्पीकरवर टाकला. सुमेधने आधी कारण विचारलं, मग चाचरत सांगितलं, "चोपन्न."

"चोपन्न?" काका फोनवर वाकून ओरडले. "जेवत नाय काय तू?"

पलीकडून निकिताचा आवाज आला, "बाबा?"

काका फोनपासून दोन पावलं मागे सरकले. फावडं उचललं आणि भरायला लागले. पोतं वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा काटा बरोबर चोपन्नवर होता. काकांनी तो नीट पाहिला आणि वर आणखी दोन फावडी रेती टाकली.

"काका, जास्त झालं."

"ऱ्हाऊ दे," ते पोत्याचं तोंड बांधत म्हणाले. "हितं आल्यावर वाढंल."