मागच्या खोलीतला शेरा

वृंदा साडेचारला कॉलेजातून आली, मागच्या खोलीत जाऊन टेबलावरची वही उघडली आणि मटकन खाली बसली. तिच्या कालच्या उत्तराखाली पेन्सिलीने, बारीक नेटक्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं: ‘वर्गात येऊनही नापास होता येते. सदरहू निष्कर्ष घाईचा. पुन्हा सादर करावे.’

कालचं उत्तर तिला स्वतःला फार आवडलं होतं. जे वर्गात येत नाहीत ते नापास होतात. मी रोज वर्गात येते. म्हणून मी पास होणार. यात खोट काढण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नव्हतं. शिवाय वही इंग्रजीत होती आणि शेरा मराठीत. ती खोलीभर बघत राहिली. खिडकीबाहेर जानेवारीचं धुकं होतं आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत त्या वेळी कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

क्रिटिकल थिंकिंग हा विषय तिने पाठांतर नाही म्हणून घेतला होता. पाठांतर नाही म्हणजे अभ्यास नाही, असा तिचा तर्क होता आणि पहिल्या चाचणीत वीसपैकी चार मिळाल्यावर तो निकालात निघाला होता. सेठी मॅडमनी तिला शेवटची संधी दिली होती. घरातला एखादा खरा प्रश्न घ्यायचा, महिनाभर त्याचा छडा लावायचा आणि प्रत्येक पायरी आधारासकट वहीत लिहायची. दहाच्या खाली गुण पडले तर परीक्षेला बसता येणार नव्हतं आणि वर्ष गेलंच. तिला अजून प्रश्न सापडला नव्हता. आता प्रश्नच तिच्याकडे चालत आला होता.

ती बाहेरच्या खोलीत गेली. टीव्हीवर मालिका चालू होती आणि आई, म्हणजे अलकाताई, पलंगावर शाल ओढून गाढ झोपली होती. तिला हलवून वृंदाने विचारलं, “आई, सदरहू म्हणजे काय गं?”

“हे वर सांगितलेलं, असं. कुठे वाचलंस?”

“ऐसेच,” वृंदा म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

कुणी लिहिलं असेल याचं एक उत्तर शेजारच्या प्रभाकाकूंनी दिवाळीतच देऊन ठेवलं होतं. वृंदाच्या घरचे या क्वार्टरात राहायला आले त्याच दिवशी काकू चहाची किटली घेऊन आल्या आणि तिसऱ्या घोटाला म्हणाल्या की आधी इथे भालचंद्र राजवाडे राहायचे. सेक्शन ऑफिसर. घरी फायली आणायची भारी खोड. एक दिवस मागच्या खोलीत, त्या वेताच्या खुर्चीत, मांडीवर फाईल आणि कानावर पेन्सिल असेच गेले. फाईल मात्र पुरी करून गेले, असं काकूंनी कौतुकाने सांगितलं. खुर्ची जड म्हणून तिथेच राहिली होती, आणि वृंदा रोज त्याच खुर्चीत बसून अभ्यास करत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने ती खुर्ची भिंतीशी सारली आणि स्टुलावर बसायला लागली. वहीत मोठ्या अक्षरात प्रश्न लिहिला: हे कोण लिहितं? खाली कोष्टक आखून तिने घरातली माणसं एकेक करून वगळली. बाबा केंद्राच्या मंत्रालयात हिंदी विभागात असतात, हजेरी मशीनवर अंगठा लावून होते, सबब सहापर्यंत घरी येणं अशक्य. प्रभाकाकूंकडे किल्ली नाही. भाऊबहीण नाही. आई घरातच असते, पण तिचा प्रश्नच येत नाही.

ती कॉलेजातून परतली तेव्हा त्याच शेवटच्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘या नोंदीस आधार काय?’

तरीही वृंदाने उत्तर दिलं, कारण गुण तिला हवे होते. तिने लिहिलं की आईला इंग्रजी येत नाही, ती सकाळी स्वयंपाक करते, दुपारी मालिका बघून झोपते आणि फक्त रविवारी मयूर विहारला भजनाला जाते. त्यावर शेरा आला, ‘माहिती नोंदवून घेतली.’ एवढाच.

मग रोजच काही ना काही होऊ लागलं. खिडकीच्या कठड्यावर पेन्सिल तासल्याची ताजी सालपटं सापडली. भिंतीशी सारलेली खुर्ची पुन्हा टेबलाशी आलेली दिसली, आणि एकदा तिने धीर करून सीटवर हात ठेवला तर ती गरम होती. शेरे मात्र दिवसेंदिवस चांगले होत गेले. सुरुवातीला भूतही चुकायचं; एका उदाहरणात त्याने स्वतःचंच उत्तर खोडून ‘चुकले, क्षमस्व’ असं लिहिलं होतं. मेल्यानंतरही माणूस शिकतो, हे वृंदाला थोडं जड गेलं.

शेवटी तिने वही बाबांना दाखवली. गुणवंतरावांनी चष्मा लावला, अक्षर पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांनी वही घाईने मिटली. मग म्हणाले, “हे तू कुणाला दाखवू नकोस, बेटा. खास करून माझ्या ऑफिसातल्या कुणाला नको.” आणि जेवण न करताच उठले. इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस एवढा घाबरतो म्हटल्यावर वृंदाची उरलीसुरली शंका गेली. तिने कोष्टकाखाली निष्कर्ष लिहिला: बाकी सर्व शक्यता बाद, उरले राजवाडे.

वही सादर करायच्या दिवशी सकाळी निष्कर्षाखाली फक्त दोन शब्द होते. ‘आज मीही.’

 आज मीही म्हणजे काय, कुठे येणार, हे विचारायला कुणी नव्हतं. बसमध्ये तिने शेजारची सीट उगाचच रिकामी ठेवली.

वर्गात ती वाचू लागली तशी सगळी मुलं गप्प झाली. सेठी मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाकी सबको सबूत देकर हटाया है। मम्मी को किस बात पर हटाया?”

“मॅम, वो तो... मम्मी हैं।”

“हैंडराइटिंग मिलाई?”

वृंदा आठवू लागली. किराणा आई फोनवर सांगायची. निरोप बोलून पाठवायची. शाळेच्या अर्जांवर सही बाबांची असायची. एकोणीस वर्षांत आपण आईचं अक्षर पाहिलेलंच नाही, हे तिला त्या भरवर्गात कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. मॅडमनी दोन दिवसांची मुदत दिली.

ती धावतपळत घरी आली तर दाराला कुलूप. तिच्याकडे किल्ली नव्हती. आई घरात असतेच, म्हणून कधी लागलीच नव्हती. प्रभाकाकू म्हणाल्या, आज भजनाचा वार नाही, मग गेली कुठे. फोन बंद होता. वृंदा पायरीवर बसून राहिली. धुकं अंगणात उतरलं, समोरची क्वार्टरं दिसेनाशी झाली, आणि ‘आज मीही’ हे शब्द तिला आता वेगळेच भिववू लागले. आईला काही झालं तर नसेल ना, या विचाराने तिला रडू यायला लागलं.

पावणेसहाला धुक्यातून आई आली. हातात प्लास्टिकचा फोल्डर, त्यात हॉल तिकीट, आणि कानावर पेन्सिल.

वृंदाने हॉल तिकिटावरचं आईचं नाव वाचलं. मग डोळे पुसून म्हणाली, “पेपर कसा गेला?”

“पहिला प्रश्न सोपा होता,” अलकाताई कुलूप काढत म्हणाल्या. “जे वर्गात येत नाहीत ते नापास होतात, त्यातलाच.”

मग चहा होईपर्यंत सगळं बाहेर आलं. लग्नामुळे राहिलेली पदवी आई पत्राचाराने, म्हणजे घरबसल्या, पुरी करत होती. मयूर विहारचं भजन म्हणजे रविवारचा वर्ग. विषय निवडताना तिने लेकीचाच घेतला, पुस्तकं घरात होती म्हणून.

“पण मग सांगितलं का नाहीस?”

“नापास झाले असते तर तुम्ही दोघं हसला असता.”

“आम्ही नसतो हसलो, आई.”

“आधार काय?” अलकाताईंनी शांतपणे विचारलं.

संध्याकाळी गुणवंतराव आले आणि सवयीने फाईल बायकोपुढे ठेवून बसले. ते घाबरले होते कशाला, हे तेव्हा उलगडलं. अठरा वर्षं, वृंदा निजल्यावर, त्यांचे मसुदे या अक्षरात तयार होत होते आणि मंत्रालयात त्यांच्या टिपणांचा दाखला दिला जात होता. अलकाताईंनी फाईल परत सरकवली. “शुक्रवारी माझा दुसरा पेपर आहे. आजपासून तुमचं तुम्ही लिहा.”

वृंदाने चौथी ओळ खोडली आणि लिहिलं: आई घरात असते, इंग्रजी वाचते, अक्षर जुळतं, वगळता येत नाही. त्याखाली ‘पाहिले’ एवढंच आलं, आणि पहिल्यांदाच सही. मॅडमनी पुढे तिला पंधरा दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती वही आणायला मागच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. वेताच्या खुर्चीत कुणीतरी मान टाकून बसलं होतं. मांडीवर फाईल, कानावर पेन्सिल.

मग ते घोरलं. बाबा होते. मसुद्याची दोन पानं खाडाखोडीने काळी झाली होती, आणि खाली बारीक नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पाहिले. पुन्हा सादर करावे.’