गांगुर्डेभाऊंचा समुद्र

आमच्या गांगुर्डेभाऊंच्या लेखी दोन माणसं म्हणजे गर्दी आणि तीन म्हणजे जत्रा. सातपूरच्या कारखान्यात ते लेथवर होते आणि मी ऑफिसात. कँटीनमध्ये पंखे असताना हा माणूस डबा खायला भंगाराच्या ढिगामागे जाऊन बसायचा. सिनेमा बघायचा तो पडल्यावर, थेटर रिकामं झालं की. पंचवटीत पाहुणे नेले तर रामकुंड लांबूनच दाखवायचे आणि मग त्यांची नदीकाठानं तंगडतोड करवून अशा ठिकाणी न्यायचे, जिथं फक्त म्हशी बसलेल्या असायच्या. कुणी कुरकुरलं की ठरलेलं उत्तर, "हितं जत्रा भरलीय. पुढं चला."

अशा माणसाच्या हाती आम्ही कारखान्याची कौटुंबिक सहल दिली, कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं. साल सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर असेल. सहल दमणला. दमणचं नाव ऐकून मंडळींचे डोळे का चमकले, हे नाशिककरांना सांगायला नको. बायकांना समुद्र बघायचा होता आणि नवऱ्यांना समुद्रासमोरची बाटल्यांची दुकानं.

बसमध्ये माझ्या बायकोशेजारी कमलवहिनी, म्हणजे भाऊंची बायको बसली होती. मे महिन्याचा उकाडा आणि वहिनींच्या पायांत जाड मोजे! "नवऱ्यावर गेलीय," बायको मला हळूच म्हणाली. पण पेठचा घाट उतरताना वहिनी तिला म्हणाल्या, "मला काय बी नको बाई. येकदा समुद्रात पाय बुडवायचेत. लग्न झाल्यापासून ह्यांच्या मागं लागलेय."

दमणचा नावाजलेला किनारा आला. नारळवाले, भेळवाले, फोटोवाले. पुरुष मंडळी उतरायला दाराशी जमलीसुद्धा. भाऊंनी खिडकीतून डोकं काढलं आणि ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. "लय जत्रा. पुढं चला!"

गाडी पुढं गेली, आणखी पुढं गेली आणि सुरूच्या बनात थांबली. "मागच्या महिन्यात सुट्टी काढून ही जागा हुडकून ठेवलीय," भाऊ छाती काढून म्हणाले.

जागा शांत होती, नाही कशी म्हणू? माणूस नव्हता, दुकान नव्हतं. समुद्रही नव्हता. नजर पोचेल तिथवर ओला चिखल.

"भाऊ, पाणी कुठंय?" पॅकिंगमधल्या आहेरमामांनी विचारलं.

"मागच्या महिन्यात हितंच होतं!" भाऊ म्हणाले. स्टँडवर लावलेली सायकल गायब झाल्यावर माणूस बोलतो, तसे.

भरती-ओहोटी आम्ही सगळेच शाळेत शिकलो होतो, पण ऐनवेळी कुणाला आठवावी? आमची गोदावरी कितीही आटली तरी उठून परगावी जात नाही. मासळीची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईनं "सांजे आवशे", म्हणजे संध्याकाळी येईल, असा गुजरातीत दिलासा दिला. ड्रायव्हर म्हणाला, "उन्हं कलली की मी गाडी काढणार. घाटात अंधार नको."

अर्धे नवरे दुकानांच्या दिशेनं चालत निघाले. पोरं रडायला लागली. वहिनी मोज्यांतले पाय पदराखाली घेऊन चिखलाकडे बघत बसल्या. भाऊंची मात्र ड्रायव्हरकडे ये-जा सुरू झाली. आधी चहा, मग बिडी, मग घरचा चिवडा. "बाबा, थोडा थांब. निघालाय तो. त्या तिकडं दिसतोय."

"समुद्र हाय का तुमचा मेव्हणा?" ड्रायव्हर वैतागला, पण चिवडा खात थांबला.

आणि खरंच, उन्हं कलता कलता पाणी आलं. पोरांनी एकच गलका केला. भाऊ आणि वहिनी कुठं दिसेनात, म्हणून मी हाक मारायला खडकांपलीकडे गेलो.

वहिनी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. लुगडं वर खोचलेलं. मोजे भाऊंच्या खिशातून लोंबत होते. वहिनींच्या दोन्ही पायांवर, पार पोटऱ्यांपर्यंत, कोडाचे पांढरे डाग होते. अंगावर कोड असलेल्या बाईच्या हातचं पाणी प्यायलाही तेव्हा लोक कचरत. भाऊ समुद्राकडे पाठ करून, हात पसरून वाट अडवल्यासारखे उभे होते, आणि वहिनी खदाखदा हसत त्यांच्या पाठीवर पाणी उडवत होत्या.

भाऊंनी मला पाहिलं. "सायेब..." एवढंच म्हणाले. मी आल्या पावली फिरलो.

वाटेत आहेरमामा आख्खं कुटुंब घेऊन येत होते. "पलीकडं काय आहे हो?"

"चिखल. गुडघाभर," मी म्हणालो आणि त्यांना हाताला धरून मागं नेलं.

पुढच्या वर्षी सहल पुन्हा दमणला. नावाजलेल्या किनाऱ्यावर बस थांबली आणि भाऊंच्या आधी मीच उठलो. "इथं जत्रा भरलीय. पुढं चला!"

मंडळींनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. भाऊ खिडकीबाहेरच बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "सायेब, भरतीची येळ इचारलीय ना?"

विचारली होती.